महासागराचे राज्य आणि आंबेनळीचे थर

१७९४ च्या नोव्हेंबरात फ्रेंच क्रांतीच्या फौजांनी मास्ट्रिख्ट घेतले. आजच्या नेदरलँड्समधले हे शहर मास नदीच्या काठी आहे आणि शेजारच्या टेकडीच्या पोटात मऊ, पिवळसर चुनखडीच्या खाणींची बोगद्यांसारखी जाळी आहे. विजेत्यांनी जी लूट पॅरिसला नेली तिच्यात दगडात रुतलेले एक भलेमोठे डोके होते. जबडा लांबलचक, दात मागे वळलेले, एकेक बोटाएवढा जाड. शहरातल्या एका धर्मगुरूच्या मालकीचे ते डोके लपवून ठेवले होते आणि ते शोधून आणणाऱ्या सैनिकांना दारूच्या सहाशे बाटल्या बक्षीस मिळाल्या, अशी कथा फोजास द सँ-फों या फ्रेंच भूवैज्ञानिकाने पुढे रंगवून लिहिली. बाटल्यांच्या कथेवर आता अभ्यासक फारसा विश्वास ठेवत नाहीत. डोके मात्र खरे आहे आणि पॅरिसच्या संग्रहालयात ते अजूनही पाहायला मिळते.

१७९५ च्या मार्चमध्ये तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन खर्ड्याच्या मैदानावर निजामाविरुद्ध मराठ्यांच्या फौजा चालवत होते, आणि त्याच वर्षी पॅरिसमधले विद्वान त्या डोक्यापुढे उभे राहून हा प्राणी कोणता यावर भांडत होते. कोणी मगर म्हणे. डच शरीरशास्त्रज्ञ पेट्रुस कँपर यांनी आधीच तो देवमासा ठरवला होता. त्यांचाच मुलगा आद्रियान याने वडिलांचे मत खोडून काढले. तालूचे हाड आणि जबड्याचे सांधे तपासून त्याने १७९९ मध्ये सांगितले की हा सरड्याच्या कुळातला आहे आणि त्याचे जवळचे नातेवाईक म्हणजे घोरपडी. १८०८ मध्ये जॉर्ज कुव्हिए यांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. कड्याला नखे रोवून बसणारी, आपल्या गडांच्या कथांत शिरलेली घोरपड आणि समुद्रात राहणारा तो राक्षस एकाच मोठ्या घराण्यातले निघाले. १८२२ मध्ये विल्यम कॉनीबेअर यांनी मास नदीवरून त्याला मोसासॉरस हे नाव दिले.

कुव्हिए यांच्या निष्कर्षाचा खरा धक्का वेगळाच होता. एवढा मोठा सरडा आज कोणत्याच समुद्रात नाही, म्हणजे तो संपला. सृष्टीतले अख्खे घराणे कायमचे नाहीसे होऊ शकते, ही कल्पना त्या काळात पचायला जड होती. पुढे तिकडच्या खडकांवरूनच क्रिटेशस काळाच्या अखेरच्या टप्प्याला ‘मास्ट्रिख्टियन’ म्हणू लागले. तो टप्पा जिथे संपतो तिथे मोसासॉरचे राज्यही संपते, आणि त्या शेवटाची चौकशी करायला जगभरचे शास्त्रज्ञ सह्याद्रीतल्या एका घाटात येतात. त्या घाटापर्यंत जाण्याआधी एक जुना वाद निकालात काढला पाहिजे. प्राचीन समुद्रातला सर्वांत बलाढ्य शिकारी कोण?

हा वाद तालमीतल्या वादासारखा आहे. गामा भारी की कवठेपिरानचे हिंदकेसरी मारुती माने, यावर सांगलीकडच्या गावांत रात्र सरते, कारण ते दोघे आपापल्या भरात एकाच आखाड्यात कधी उतरलेच नाहीत. समुद्री शिकाऱ्यांमधली अंतरे तर कोट्यवधी वर्षांची आहेत. चिलखती डोक्याचा डंक्लिओस्टिअस हा मासा सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वीचा. तो आणि शेवटचा मोसासॉर यांच्यामध्ये जेवढा काळ गेला, त्याच्या चौथा हिस्साही मोसासॉरपासून आपल्यापर्यंत गेलेला नाही.

त्यात मापांचा घोळ. लहान मुलांच्या पुस्तकांत प्रत्येक प्राण्याची लांबी ठाम आकड्यात छापलेली असते, पण त्या आकड्यांमागे किती हाडे आहेत हे कोणी सांगत नाही. डंक्लिओस्टिअसचे डोके हाडांच्या तावदानांचे असल्यामुळे टिकले, धड कूर्चेचे असल्यामुळे गेले. कित्येक वर्षे तो आठ-नऊ मीटरचा मानला जाई. २०२३ मध्ये रसेल एंगलमन यांनी डोक्याच्या प्रमाणावरून पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा तो चार मीटरच्या आसपास आला. जबडा तोच, चावा तोच, फक्त मागचे शरीर आखूड आणि जाड. १९९९ मध्ये बीबीसीच्या डायनासोरवरच्या मालिकेत लायोप्ल्युरोडॉन हा प्लायोसॉर गटातला समुद्री सरीसृप २५ मीटरचा दाखवला गेला. आजच्या अंदाजाने तो सहा-सात मीटरचा असावा, पण पडद्यावरचा राक्षस एका अख्ख्या पिढीच्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

याहूनही जुनी फसगत अमेरिकेतली. १८४५ मध्ये आल्बर्ट कोख नावाच्या गृहस्थाने बॅसिलोसॉरस या प्राचीन देवमाशाच्या अनेक सांगाड्यांचे मणके एकापुढे एक जोडले आणि तिकीट लावून ‘समुद्री महासर्प’ लोकांना दाखवला. बॅसिलोसॉरसचे नशीबच तसे होते. १८३४ मध्ये त्याला सरपटणारा प्राणी समजून नाव दिले गेले आणि पाच वर्षांनी रिचर्ड ओवेन यांनी दात पाहून तो सस्तन प्राणी असल्याचे दाखवले.

मेगॅलोडॉनची गोष्ट सर्वांच्या ओळखीची. या शार्कचे दात तळहात झाकतील एवढे, मोठ्यात मोठा सुमारे १८ सेंटिमीटरचा. पण शार्कचा सांगाडाही कूर्चेचाच, म्हणून दात आणि थोडे मणके सोडले तर त्याचे काहीच उरलेले नाही. लांबीचा अंदाज १५ मीटरपासून सुरू होतो आणि २०२५ च्या एका अभ्यासात २४ मीटरपर्यंत गेला. पेरूच्या वाळवंटात २००८ मध्ये सापडलेल्या लिव्यातान या दातेरी देवमाशाची कवटी तीन मीटरची आणि दात ३६ सेंटिमीटरपर्यंतचे. हे दोघे एकाच काळातले, समुद्रही तोच. म्हणजे मेगॅलोडॉनच्या राज्यात दुसरा राजा होता. इंग्लंडच्या किनाऱ्यावर सापडलेल्या जबड्याच्या तुकड्यांवरून २०२४ मध्ये इक्थिओटायटन हा इक्थिओसॉर गटातला समुद्री सरीसृप २५ मीटरचा असावा असे मांडले गेले. देवमाशाएवढा हा प्राणी खात काय होता, हे मात्र त्या जबड्यांवरून कळत नाही.

हे झाले देहाचे माप. राज्य देहावरून मोजत नाहीत. ते किती दूर पसरले, किती तऱ्हेच्या पाण्यात चालले, किती काळ टिकले आणि कोणी मोडले, हे पाहावे लागते. या कसोटीवर माझे मत मोसासॉरच्या बाजूने आहे आणि ते मी ठामपणे मांडतो.

सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वी समुद्रातले जुने सरदार एकामागून एक गेले. इक्थिओसॉर संपले, थोड्याच काळात प्लायोसॉरही मागे पडले. त्या मोकळ्या पाण्यात किनाऱ्यावरचे सरडे उतरले. टेक्ससमधला डालासॉरस जेमतेम एक मीटरचा, त्याचे पाय अजून जमिनीवरच्या पायांसारखे. तिथून निघालेल्या घराण्याने तीन कोटी वर्षांच्या आत अंटार्क्टिकासकट सर्व खंडांभोवतीचे समुद्र व्यापले. पायांची वल्ही झाली, शेपटीला शार्कसारखा पंखा फुटला, आणि पिल्ले पाण्यातच जन्मू लागली. ग्लोबिडेन्सचे दात गोटीसारखे गोल, शिंपले फोडायला केलेले. मासे धरणारे वेगळे, कासवे फोडणारे वेगळे. मोसासॉरसची सर्वांत मोठी जात १२-१३ मीटरची, काहींच्या हिशेबाने त्याहून मोठी. तालूवर दातांची आणखी एक रांग होती. जबड्याने धरलेली शिकार हे आतले दात घशाकडे ओढत, साप ओढतात तसे. सापांचे मूळ मोसासॉरच्या जवळ शोधावे असे एडवर्ड कोप यांनी १८६९ मध्येच सुचवले होते. तो वाद अजून चालू आहे, पण बत्तीस शिराळ्याच्या माणसाला नाग आणि समुद्राचा राजा यांचे हे संभाव्य नाते ऐकून नक्कीच बरे वाटेल.

मोरोक्कोत खुरिब्गाच्या फॉस्फेट खाणी आहेत. खतासाठी तिथला प्राचीन समुद्रतळ खणला जातो आणि त्यातून क्रिटेशसच्या अगदी शेवटच्या काळातले डझनाहून अधिक जातींचे मोसासॉर निघाले आहेत. त्यातलाच थॅलासोटायटन २०२२ मध्ये जगापुढे आला. नऊ मीटरचा देह, आखूड रुंद जबडा, टोके तुटून झिजलेले दात. त्याच खडकात आसपास मोठ्या माशांची, समुद्री कासवाची, प्लेसिओसॉरची, अगदी इतर मोसासॉरची हाडेसुद्धा मिळाली, आम्लाने खाल्ल्यासारखी. पोटात अर्धवट पचून बाहेर टाकलेली ही हाडे असावीत, असे संशोधकांचे म्हणणे आहे. जे घराणे शेवटच्या घटकेला इतक्या जाती, इतके जबडे आणि इतका आहार बाळगून आहे, ते उतरणीला लागले होते असे म्हणता येत नाही.

मग ते संपले कसे? या प्रश्नाने शास्त्रज्ञांना आपल्या घाटात आणले.

पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट बहुतेकांनी प्रतापगडाला जाता-येता पाहिलेला असतो. वळणावर गाडी थांबवून रस्त्यासाठी कापलेल्या दरडीकडे नीट पाहिले, तर काळ्या खडकाचे जाड थर एकावर एक रचलेले दिसतात. प्रत्येक थर म्हणजे लाव्हाचा एक पूर. मधूनच एखादा तांबडा पट्टा आडवा जातो, कुठे वीतभर, कुठे हातभर. त्याला नखाने खरवडले तर माती सुटते आणि बोट लाल होते. दोन पुरांच्या मध्ये जो निवांत काळ गेला, त्यात खालच्या खडकाची झालेली ही माती. वरून आलेल्या पुढच्या लाव्हाने ती भाजून निघाली. भूवैज्ञानिक या थरांच्या गटांना खालून वर पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी नावे देतात, आणि या सगळ्यांना मिळून ‘वाई उपगट’ म्हणतात. गणपतीचे देऊळ, घाट आणि विश्वकोशाचे कार्यालय यांमुळे मराठी माणसाला माहीत असलेली वाई पृथ्वीच्या इतिहासावरच्या शोधनिबंधांत या नावाने जगभर पोचली आहे.

हे थर दक्षिणेकडे किंचित कललेले आहेत. त्यामुळे दक्षिणेकडे जाल तसतसे नंतरचे पूर भेटतात. त्यांतल्या एका गटाला पन्हाळ्याचे नाव आहे. सांगलीच्या कृष्णाकाठचे गणपती मंदिर ज्या तऱ्हेच्या काळ्या पाषाणाचे आहे, तो असाच गोठलेला लाव्हा. आमच्याकडे मोसासॉरचा दात का सापडत नाही, असे मुले विचारतात. त्याचे उत्तर कोयनेने दिले आहे. १९६७ च्या भूकंपानंतर कोयनेचा परिसर शास्त्रज्ञांच्या सतत नजरेखाली आहे. भूकंपाच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारने कराडला प्रयोगशाळा उभारली आणि गोठणे येथे तीन किलोमीटर खोल छिद्र पाडले. सुमारे १,२४७ मीटर नुसता बेसॉल्ट, आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट. मध्ये समुद्राचा गाळ नाही. लाव्हा आला तेव्हा इथे कोरडी जमीन होती. भारतातल्या समुद्री सरीसृपांसाठी कच्छला जावे लागते. तिथे लोडाई गावाजवळच्या ज्युरासिक खडकातून निघालेला साडेपाच मीटरचा इक्थिओसॉर दिल्ली विद्यापीठाचे गुंटुपल्ली प्रसाद आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला.

आता खटल्याकडे. १९८० मध्ये लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी इटलीतल्या चिकणमातीच्या एका पातळ थरात इरिडियम दाखवले. पृथ्वीच्या कवचात हे दुर्मिळ, उल्कांत बरेच. त्यावरून १० किलोमीटर व्यासाचा एखादा लघुग्रह आदळला असावा, असे त्यांनी मांडले. १९९१ मध्ये मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पाखालचे चिक्शुलुब विवर त्याचेच असल्याचे पुढे आले. पण दुसरा आरोपी आधीपासून उभा होता, तो म्हणजे दख्खनचा लाव्हा. १९८६ मध्ये व्हँसाँ कुर्तियो आणि सहकाऱ्यांनी या खडकांचे चुंबकत्व मोजले. लाव्हा थंड होताना त्यातले लोहकण त्या वेळच्या चुंबकीय उत्तरेची दिशा धरून गोठतात. दख्खनच्या बहुतेक थरांत ही दिशा उलटी निघाली, आणि उलट्या दिशेचा तो काळ दहा लाख वर्षांपेक्षा कमी होता. आजही पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला हा डोंगर इतक्या थोड्या काळात ओतला गेला असेल, तर सोबत सुटलेल्या गंधकाच्या आणि कार्बनच्या वायूंनी जगाची हवा बिघडवली असणारच, असे मत बळावले.

काळाचे नेमके माप हाती येत नव्हते. बेसॉल्टमध्ये वय मोजायला सर्वांत भरवशाचे स्फटिक, झिरकॉन, जवळपास नसतातच. प्रिन्स्टनचे ब्लेअर शोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या तांबड्या पट्ट्यांकडे मोर्चा वळवला. या गटात अमरावती विद्यापीठाचे सय्यद खद्री होते. दोन पुरांच्या मध्ये वेगळ्या जातीच्या स्फोटांची राख मातीत मिसळली असेल, तर तिच्यातून झिरकॉन मिळतील, हा त्यांचा तर्क खरा ठरला. वाळूच्या कणाहून बारीक अशा या स्फटिकात युरेनियम अडकलेले असते आणि ठराविक गतीने त्याचे शिसे होते. किती युरेनियम उरले आणि किती शिसे झाले, यावरून वय निघते. ६ कोटी ६० लाख वर्षांच्या पल्ल्यात चूक काही दहा हजार वर्षांच्या आत राहते. आपण रस्त्यावरून जाताना ज्या मातीकडे बघतही नाही, तिच्यातून एवढी नेमकी कालगणना काढली गेली, याचे मला फार कौतुक वाटते.

२०१५ च्या त्यांच्या निबंधाने मुख्य उद्रेक आघाताच्या सुमारे अडीच लाख वर्षे आधी सुरू झाल्याचे दाखवले. २०१९ च्या फेब्रुवारीत ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन निबंध आले. शोन यांच्या गटाचे म्हणणे, लाव्हाचे चार मोठे उमाळे होते, आणि पोलादपूर थरांचा उमाळा आघाताच्या थोडा आधीचा. कोर्टनी स्प्रेन आणि पॉल रेनी यांच्या गटाने आर्गॉनच्या पद्धतीने मोजून सांगितले की जवळपास तीन चतुर्थांश लाव्हा आघातानंतरचा. घाट तोच, खडक तेच, आणि हिशेब दोन. वर्षभरात पिंसेली हल यांच्या गटाने समुद्रतळाच्या गाळातून जुन्या पाण्याचे तापमान काढले. दख्खनच्या वायूंनी आलेली ऊब आघाताच्या बरीच आधी ओसरली होती. प्राण्यांचा संहार मात्र आघाताशी अगदी जुळून येतो. माझ्या समजुतीप्रमाणे मुख्य गुन्हा लघुग्रहाचा. सह्याद्रीवरचा आळ पुरता धुतला गेलेला नाही, पण मोसासॉरच्या खुनात तो पहिल्या क्रमांकाचा आरोपी आता राहिलेला नाही.

समुद्रात नेमके काय घडले, याचा एक पुरावा पुन्हा मास्ट्रिख्टच्या शेजारी मिळाला. गेउलहेमरबर्गच्या गुहेत आघातानंतर लगेच साचलेली चिकणमाती जाड थरात टिकून आहे. तिच्यातल्या सूक्ष्म कवचांतले बोरॉन मोजून मायकेल हेनेहन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवले की समुद्राचा पीएच झपाट्याने सुमारे पाव अंकाने उतरला. आकाश काजळीने आणि गंधकाने भरले, प्रकाश तुटला, पाण्यावर तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचे पीक बुडाले. त्यांवर जगणारे इवलेसे प्राणी गेले, त्यांवर जगणारे अॅमोनाइट गेले, आणि सर्वांत वरच्या पायरीवर बसलेल्याला खायला काही उरले नाही. ज्याला रोज भरपूर लागते तो आधी मरतो. मगरी, कासवे, बरेच शार्क वाचले. मोसासॉर एकही वाचला नाही.

दीड कोटी वर्षांनी त्या पाण्यात सस्तन प्राणी उतरले, तेही भारताच्या उत्तर किनाऱ्यावर. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटच्या खडकांतला हरणासारखा लहानखुरा इंडोह्यूस आणि कच्छचा छोटा देवमासा कुचिसिटस हे त्या वाटेवरचे. त्या घराण्यातून पुढे बॅसिलोसॉरस आणि कालांतराने लिव्यातान झाला. मेगॅलोडॉन सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीपर्यंत टिकला. समुद्र थंडावत गेले, त्याची शिकार घटली, आणि चपळ पांढऱ्या शार्कशी त्याला वाटा मागावा लागला. त्याचे राज्य त्याच्या समोरच्या प्रतिस्पर्ध्यांनी पोखरले. मोसासॉरपुढे असा कोणी आला नाही. माझ्या निवाड्यात शेवटचे वजन या गोष्टीला आहे.

आंबेनळीच्या थरांत आघाताच्या क्षणाची रेघ नेमकी कुठे ओढायची, हे अजून ठरायचे आहे. स्प्रेन-रेनी गटाच्या मते ती पोलादपूर थरांच्या बुडाशी पडते. शोन यांच्या हिशेबाने पोलादपूर थर ओतून झाल्यावर, आंबेनळी थर सुरू होण्याआधी. दोघांचेही एका बाबतीत एकमत आहे: आंबेनळी आणि महाबळेश्वर या नावांचे थर आघातानंतरचे. महाबळेश्वरच्या विल्सन पॉइंटकडे चढणाऱ्या माणसाच्या पायाखालचा काळा दगड ओतला जात असताना कोणत्याही समुद्रात मोसासॉर नव्हता. वाद उरतो तो घाटाच्या खालच्या काही शे मीटरांचा, आणि तिथले तांबडे पट्टे अजून सगळे तपासून झालेले नाहीत.